डॉलरच्या वाटेवरचे वाटेकरी

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतून अमेरिकेतल्या एखाद्या ग्राहकाकडे निघालेला चपलांचा जोड टपाल खाते, सीमाशुल्क खाते आणि दोन्हीकडच्या विमानतळांवरील हमाल यांची मर्जी सांभाळत, निघाला तसाच पोचतो. वाटेत कोणी त्याचा एक कान कापून घेत नाही, की हाताळणावळ म्हणून गोंडा काढून ठेवत नाही. त्याच जोडाची किंमत म्हणून उलट दिशेने निघालेल्या डॉलरांच्या नशिबी मात्र असा सुरक्षित प्रवास नसतो. ते वाटेत जिथे जिथे थांबतात तिथे तिथे कोणीतरी त्यांची विचारपूस करते, विचारपुशीबद्दल थोडे काही ठेवून घेते आणि पुढच्या मुक्कामाला नम्रपणे निरोप देते. अखेरीस विक्रेत्याच्या खात्यात जी रक्कम उतरते ती पाहून त्याला आनंदच होतो, कारण ती रुपयांत असते आणि रुपयांत मांडलेली कोणतीही डॉलरची रक्कम मोठी दिसते. परदेशी ग्राहकांना ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांच्या जमाखर्चातील ही सर्वांत उपेक्षित बाब असून, तिच्या उपेक्षेचे मुख्य कारण हा आनंदच होय.

एका देशाच्या चलनाचे दुसऱ्या देशाच्या चलनात रूपांतर करताना जो खर्च पडतो त्याचे दोन भाग असतात, एक सांगितलेला आणि दुसरा न सांगितलेला. सांगितलेला भाग म्हणजे शुल्क. ते दरपत्रकात छापलेले असते, त्याच्याविषयी तक्रार करता येते आणि चारचौघांत त्याच्या नावाने बोटेही मोडता येतात. न सांगितलेला भाग भावातच मुरवलेला असतो, आणि तो समजण्यासाठी आधी मधला भाव म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते. मोठ्या बँका आपापसांत डॉलरची घाऊक खरेदी-विक्री करतात. कोणत्याही क्षणी खरेदीचा जो भाव आणि विक्रीचा जो भाव असेल, त्या दोहोंच्या बरोबर मधोमध येणारा आकडा म्हणजे मधला भाव. मोबाइलवर ‘आजचा डॉलर’ असे विचारले असता जे उत्तर मिळते ते बहुधा याच जातीचे असते, आणि भारतात दररोज जो अधिकृत संदर्भदर जाहीर होतो, जो पूर्वी रिझर्व्ह बँक काढीत असे आणि जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते, तोही घाऊक बाजारातील व्यवहारांवरूनच ठरतो. हा भाव सर्वांना दिसतो आणि जवळजवळ कोणालाच मिळत नाही. किरकोळ गिऱ्हाइकाला मिळतो तो बँकेच्या किंवा वसुली करून देणाऱ्या कंपनीच्या फलकावरचा भाव. बँकेच्या फलकावर या भावापुढे ‘टी. टी. बाइंग’ असे लिहिलेले असते, म्हणजे तारेने आलेल्या परकीय पैशाची खरेदी. देशातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेने पैसे आणण्याचा भाव रोज सकाळी न चुकता निघतो.

या न सांगितलेल्या भागाचा आकार एका जोडावर मोजून पाहता येतो. वेणी, कान आणि गोंडा असलेला, हाताने शिवलेला कापशी घाटाचा एक जोड साठ डॉलरला विकला गेला आणि हिशेबाच्या सोयीसाठी त्या दिवशीचा मधला भाव ८५ रुपये धरला, तर जोडाची किंमत ५,१०० रुपये होते. पैसे वसूल करून देणारी कंपनी ४.४ टक्के आणि शिवाय दर व्यवहारामागे ३० सेंट घेते असे मानले (असे दरपत्रक या धंद्यात नवलाचे नाही), तर २ डॉलर ९४ सेंट वजा होऊन ५७ डॉलर ६ सेंट उरतात. विक्रेता ही वजाबाकी वाचतो, चरफडतो आणि मान्य करतो. पुढची पायरी मात्र तो वाचत नाही, कारण तिथे वजाबाकी लिहिलेलीच नसते. तिथे गुणाकार असतो, आणि गुणाकाराने कोणाचे नुकसान होते असे शाळेत कोणी शिकवलेले नसते. कंपनीने लावलेला भाव मधल्या भावापेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी, म्हणजे ८२ रुपये अडीच पैसे असला, तर खात्यात ४,६८० रुपये ३५ पैसे जमा होतात. मधल्या भावाने याच डॉलरांचे ४,८५० रुपये १० पैसे झाले असते. म्हणजे १६९ रुपये ७५ पैसे कोणत्याही पावतीवर न उमटता अंतर्धान पावले. जोडामागे एवढीच मजुरी कारागिराने वाढवून मागितली असती तर त्याला महागाई, मंदी आणि माणुसकी या तीन विषयांवर अर्ध्या तासाचे व्याख्यान ऐकावे लागले असते. जमा झालेल्या रुपयांना ग्राहकाने दिलेल्या साठ डॉलरांनी भागले असता ७८ हा आकडा मिळतो. वर्तमानपत्रात डॉलर ८५ रुपयांचा आणि पासबुकात ७८ रुपयांचा, अशी ही स्थिती असून, चलनरूपांतराचा खर्च कमी करण्याच्या सगळ्या शास्त्राची सुरुवात या साध्या भागाकारापासून होते. तो भागाकार कोणी करत नाही.

वास्तविक महाराष्ट्राला या प्रकाराची ओळख जुनी आहे. पेशवाईत पुण्याच्या बाजारात अंकुशी, चांदवडी आणि आणखी कितीतरी टाकसाळींचे रुपये एकाच वेळी फिरत असत, आणि एका रुपयाचा दुसरा रुपया करून घेताना सराफ बट्टा घेई. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी हा हिशेब चालत होता. तिथल्या सात हाली रुपयांचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले सहा रुपये होत, आणि हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यावरही हाली नाणे पुढे काही वर्षे चालत राहिले. त्या काळातील सराफाविषयी पुष्कळ वाईट बोलले जाते आणि त्यातले बरेचसे त्याने मेहनतीने कमावलेले असावे. तथापि त्याच्या व्यवहारात एक सोय होती जी आज उरलेली नाही. तो गिऱ्हाइकासमोर बसून नाणे दगडावर वाजवी, कान लावून ऐके, तोंड वाकडे करी आणि बट्टा किती पडेल ते तोंडाने सांगे. गिऱ्हाईक त्यावर त्याच्या घराण्याचा उद्धार करून शेजारच्या पेढीवर जाऊ शकत असे. आजचा सराफ एखाद्या दूरच्या शहरातल्या संगणकात राहतो, तोंड वाकडे करत नाही, उलट ‘अभिनंदन! आपले पैसे आले आहेत’ असा निरोप पाठवतो आणि बट्ट्याविषयी अवाक्षर काढत नाही.

एवढेच नव्हे, तर ‘शून्य शुल्क’ अशी पाटीही तो लावतो. ही पाटी खोटी नसते. शुल्क खरोखरच शून्य असते. जे घ्यायचे ते भावात घेऊन झालेले असल्यामुळे शुल्क घेण्याची गरज उरलेली नसते. अमुक इतके टक्के घेतो असे स्पष्ट लिहून मधला भाव देणारी कंपनी आणि काहीही न घेता स्वतःचा भाव देणारी कंपनी या दोहोंत बहुसंख्य माणसे दुसरीकडे वळतात, कारण फुकट या कल्पनेपुढे अंकगणित टिकत नाही. कोल्हापुरी चपलेला फुकटाचा अनुभव अन्य बाजूनेही आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या प्रदेशात बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येईल असे कायद्याने ठरले; आणि जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या फॅशन कंपनीने भरवलेल्या शोमध्ये तिच्याच घाटाच्या चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता अवतरल्या. बोंब झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. घाटाच्या त्या परदेशगमनावर एक पैसाही बट्टा पडला नव्हता हे अर्थशास्त्रीय दृष्ट्या नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

लहान निर्यातदाराची मानसिक घडण हा या विषयाचा स्वतंत्र आणि मनोरंजक भाग आहे. रुपया घसरला की देशात सुतकी वातावरण पसरते. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेण्यात आला तेव्हा आणि जुलै १९९१ मध्ये दोन हप्त्यांत अवमूल्यन झाले तेव्हाही राष्ट्राची मान खाली गेल्याचे पुष्कळांनी लिहिले. डॉलर कमावणाऱ्याची अशा वेळी मोठी पंचाईत होते, कारण सभेत त्याला इतरांबरोबर सुस्कारा टाकावा लागतो आणि घरी जाताना तो पाव किलो पेढे घेतो. या द्विधा अवस्थेतून भाव पाहत बसणारा विक्रेता निर्माण होतो. आज ८५ आहे, परवा ८५ रुपये १० पैसे होईल, तोवर डॉलर काढायचे नाहीत, असा त्याचा निश्चय असतो, आणि त्यासाठी तो जेवतानाही मोबाइल उजव्या हाताशी ठेवतो. ज्या ५७ डॉलरांसाठी ही तपश्चर्या चाललेली असते, त्यांच्यावर दहा पैशांच्या चढाने पाच रुपये सत्तर पैसे मिळतात. ते मिळाल्याचा आनंद साजरा होत असतानाच त्याच व्यवहारात भावातल्या फरकापोटी १७० रुपये शांतपणे बाहेर पडतात. बाजाराचा भाव विक्रेत्याच्या हातात नसतो आणि बाजारभाव व मिळालेला भाव यांतील फरक पुष्कळ अंशी त्याच्या हातात असतो. पण जे हातात नाही त्याच्याकडे टक लावून पाहण्यात जो थरार आहे तो दरपत्रक वाचण्यात नाही, हे मान्य केले पाहिजे.

खर्च दुपटीने वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे एकाच पैशाचे दोनदा रूपांतर होऊ देणे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सी या अमेरिकी प्लॅटफॉर्मवर विक्रेत्याने किंमत एका चलनात लिहिली आणि त्याचा वसुलीचा हिशेब दुसऱ्या चलनात असला, तर प्लॅटफॉर्म रूपांतरापोटी अडीच टक्के घेतो. आता समजा की माल जर्मनीतल्या ग्राहकाने घेतला, त्याने युरो भरले, मधल्या कंपनीने त्यांचे डॉलर केले आणि विक्रेत्याने ते डॉलर काढून घेताना त्यांचे रुपये झाले. प्रत्येक वळणावर तीन टक्के गेले असे धरले तर शंभरातले ९४ रुपये ९ पैसे हाती येतात, म्हणजे सहा टक्क्यांना जेमतेम काही पैसे कमी. जोडामागे पंधरा टक्के नफा धरणाऱ्या विक्रेत्याच्या नफ्यातील दोन पंचमांश हिस्सा असा दोन वळणांवर जातो, त्यातला निम्मा युरोने डॉलरला भेटण्याच्या सोहळ्यात खर्ची पडतो, आणि त्या भेटीचे प्रयोजन काय होते हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून या क्षेत्रातील जाणकार मंडळी चार गोष्टींची नोंद ठेवायला सांगतात, त्या अशा की ग्राहकाला किंमत कोणत्या चलनात दिसते, तो पैसे कोणत्या चलनात भरतो, प्लॅटफॉर्म हिशेब कोणत्या चलनात ठेवतो आणि पैसे घराकडे कोणत्या चलनात निघतात. या चौघांत जितका एकोपा, तितकी गळती कमी. किंमत ग्राहकाच्या चलनात लिहावी, पैसे त्याच चलनात जमू द्यावेत आणि रूपांतर शेवटी एकदाच करावे, हा नियम इतका साधा आहे की तो कोणी पाळत नाही याचे आश्चर्य वाटू नये.

हाच विक्रेता जेव्हा स्वतः परदेशी खरेदी करतो, म्हणजे जाहिरातीचे किंवा संकेतस्थळाचे पैसे कार्डाने भरतो, तेव्हा पडद्यावर एक आदबशीर प्रश्न येतो की आपण डॉलरमध्ये देणार की रुपयांत. या सोयीला गतिमान चलनरूपांतर असे भारदस्त नाव आहे. तिच्यात रूपांतराचा भाव कार्ड देणारी बँक न ठरवता समोरचा दुकानदार आणि त्याची वसुली यंत्रणा ठरवते, आणि तो ठरवताना ती स्वतःचे हित विसरत नाही. मराठी माणूस या प्रश्नापुढे क्षणभर थबकतो, परक्या चलनाचा विटाळ नको म्हणून अभिमानाने रुपयांवर बोट ठेवतो आणि भाव न पाहता मान्यता देतो. काही बँका त्यावर आपलेही शुल्क लावतात. चलनाच्या बाबतीत देशभक्ती महाग पडते असे विधान करणे बरे दिसणार नाही, पण बिल ज्या चलनात आहे त्याच चलनात भरणे बहुधा स्वस्त पडते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

बँकेमार्फत थेट येणाऱ्या पैशांची कथा निराळी आहे. ‘स्विफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी, १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था जगभरातील बँकांचे निरोप पोचवते. पैसे ती पोचवत नाही, फक्त अमुक इतके द्यावेत असा निरोप देते, आणि पैशांचा हिशेब बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांत मिटवला जातो. ज्या दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसतात त्यांच्यामध्ये तिसरी, प्रसंगी चौथी बँक मध्यस्थ म्हणून उभी राहते, आणि मध्यस्थाने रिकाम्या हाती परत जाण्याची प्रथा कोणत्याच समाजात नाही. खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा, दोघांनी वाटून घ्यायचा की घेणाऱ्याने सोसायचा, असे तीन पर्याय पाठवणाऱ्याच्या अर्जावर असतात. शेवटचे दोन निवडले गेले तर मध्यस्थ बँक पंधरा-वीस डॉलर वाटेतच ठेवून घेते हे नित्याचे आहे. लाखो रुपयांच्या मालाला हे वीस डॉलर जाणवत नाहीत; साठ डॉलरच्या जोडाला ते जाणवतात, कारण डावी चप्पल विकत दिली आणि उजवी जवळपास वाटखर्चाला गेली असा तो हिशेब होतो.

याच टप्प्यावर वस्तू व सेवा कर प्रवेश करतो. चलन बदलून देणे ही सेवा आहे आणि सेवेवर कर लागतो, पण बँकेने भावात नेमके किती कमावले हे शोधत बसण्याऐवजी कायद्याने एक सोपी सारणी दिली आहे आणि बँका साधारणपणे तीच वापरतात. एक लाख रुपयांपर्यंतच्या रूपांतरात सेवेचे मूल्य रकमेच्या एक टक्का, मात्र किमान २५० रुपये मानायचे आणि त्यावर १८ टक्के कर आकारायचा. याचा अर्थ असा की ४,६८० रुपयांवरही कर ४५ रुपये आणि २५,००० रुपयांवरही कर ४५ रुपयेच. पाच हजारांच्या पाच रकमा पाच वेळा आणणारा २२५ रुपये भरतो. त्याच पाच रकमा साठवून एकदा आणणारा ४५ भरतो. एका लाखापुढे दर उतरत जातो आणि अखेरीस रक्कम कितीही मोठी असली तरी एका व्यवहारावरचा हा कर १०,८०० रुपयांवर थांबतो. ज्याला दर जोडाचे पैसे दर संध्याकाळी खात्यात पाहिल्याशिवाय झोप येत नाही, त्याने या झोपेची किंमत ४५ रुपये अधिक मध्यस्थाचे डॉलर अशी समजून घ्यावी. अर्थात काही कंपन्या भारतीय विक्रेत्याचे पैसे रोजच्या रोज आपणहून बँकेत धाडतात आणि साठवू देत नाहीत, तिथे हा उपदेश निरुपयोगी ठरतो; तिथे आधी कंपनी बदलण्याचा विचार करावा लागतो.

मध्यस्थांची रांगच टाळण्याचा एक उपाय २०११ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या तावेत हिनरिकस आणि क्रिस्तो कारमान या दोन एस्टोनियन मित्रांच्या गरजेतून मोठा झाला. एकाला पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडात होई. दुसऱ्याला पगार पौंडात मिळे आणि एस्टोनियातल्या घराचे कर्ज युरोत फेडायचे असे. पहिल्याने आपले युरो दुसऱ्याच्या एस्टोनियातल्या खात्यात भरावेत, दुसऱ्याने तितकेच पौंड पहिल्याच्या लंडनमधल्या खात्यात भरावेत, आणि हिशेब मधल्या भावाने करावा, अशी त्यांनी व्यवस्था केली. पैसे सीमा ओलांडून गेलेच नाहीत आणि दोघांचेही काम झाले. यातून जी कंपनी निघाली ती आज वाइज या नावाने ओळखली जाते आणि २०२१ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली. पुण्यात रक्कम भरून घेऊन काशीच्या पेढीवर दर्शनी हुंडी, म्हणजे दाखवताच पैसे देण्याची चिठ्ठी, लिहून देणाऱ्या सावकाराला ही कल्पना समजावून सांगितली असती, तर यात नवीन काय आहे असे विचारून त्याने पान लावायला घेतले असते. हुंडणावळ म्हणून तोही काही घेई, पण पैशांची थैली उचलून लुटारूंच्या वाटेने न्यायची नाही हे तत्त्व त्याला पुरते अवगत होते. सध्याच्या व्यवहारात या तत्त्वाचा लहान विक्रेत्याला मिळणारा लाभ म्हणजे परदेशी स्थानिक खाते. वसुली करणारी कंपनी विक्रेत्याच्या नावे अमेरिकेत किंवा युरोपात खाते क्रमांक देते, तिथला ग्राहक किंवा प्लॅटफॉर्म त्यात देशांतर्गत पद्धतीने पैसे भरतो आणि मध्यस्थ बँकांची रांग ओलांडावी लागत नाही. अशा सीमापार वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र नियम केले होते; कंपनी सध्या लागू असलेल्या नियमांत बसते की नाही हे पाहणे विक्रेत्याच्या हिताचे आहे. तिची जाहिरात गोड आहे हे पुरेसे नाही.

ज्यांचा काही खर्चही डॉलरमध्ये होतो त्यांच्यासाठी बँकांत ‘ई. ई. एफ. सी.’ नावाचे खाते मिळते, म्हणजे परकीय चलन मिळवणाऱ्याने ते त्याच चलनात ठेवण्याचे खाते. निर्यातीचे सगळे डॉलर त्यात ठेवता येतात आणि प्लॅटफॉर्मचे शुल्क, परदेशी जाहिरात यांसारखे परवानगी असलेले खर्च त्यातूनच भागवता येतात, त्यामुळे डॉलरचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर ही दुहेरी झीज टळते. त्यावर व्याज मिळत नाही आणि एका महिन्यात जमा झालेल्या डॉलरांपैकी जे वापरले गेले नाहीत त्यांचे पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपये करावेच लागतात. भाव ९० होईल तेव्हाच काढू, असे म्हणणाऱ्या ध्यानस्थ विक्रेत्याची समाधी रिझर्व्ह बँकेने अशा रीतीने तिथीवार भंग करण्याची सोय केली आहे.

आणि सर्वांत जुना, सर्वांत लाडका मार्ग म्हणजे येणारा माणूस. दिवाळीचा फराळ, दिवाळी अंक आणि कोल्हापुरी चपला न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंतच्या मराठी घरांत जातात, आणि तिथली काकू मोठ्या प्रेमाने कळवते की पैसे पाठवण्यात उगाच का घालवायचे, डिसेंबरात पुतण्या येणारच आहे, त्याच्या हाती देते. या मार्गात भाव मोबाइलवरचा मिळतो, शुल्क पडत नाही आणि मध्यस्थ घरचा असतो. अडचण एवढीच की १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली निर्यातीचे पैसे अधिकृत मार्गानेच आले पाहिजेत. पुतण्या अधिकृत मार्ग नाही. मालाचे निर्यातपत्र बँकेच्या नोंदीत पैसे न आलेले म्हणून उघडे राहते, परकीय रक्कम आल्याचा दाखला मिळत नाही आणि त्याविषयी पुढे बँकेतून जी पत्रे येऊ लागतात त्यांना पुतण्या उत्तर देत नाही. शिवाय परत जाताना तो स्वतःसाठी एक आणि मित्रासाठी एक असे दोन जोड कौतुकाने घेऊन जातो, म्हणजे टक्केवारीतही हा मार्ग जगातील सर्वांत महाग कंपनीला मागे टाकतो.

ग्राहकाला थेट रुपयांतच पैसे द्यायला सांगावे, म्हणजे कटकट संपली, असाही एक सल्ला ऐकू येतो. कटकट त्याने संपत नाही. ती ग्राहकाकडे जाते, त्याची बँक तिच्या भावाने रुपये विकते, त्याला चपला महाग वाटतात आणि तो शेजारच्या पानावरचे मेक्सिकन सँडल घेतो.

ज्यांचे डॉलर बँकेत डॉलर म्हणूनच उतरतात, त्यांच्यासाठी आणखी एक व्यवस्था आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ‘एफ. एक्स. रिटेल’ नावाचा मंच सुरू केला; त्यावर लहान निर्यातदारालाही डॉलर बाजारात ठरणाऱ्या भावाने विकता येतात आणि बँकेने आपला मोबदला आधी ठरवून वेगळा सांगायचा असतो, भावात मुरवायचा नसतो. दगडावर नाणे वाजवून बट्टा तोंडाने सांगणाऱ्या सराफानंतर इतकी उघड व्यवस्था सामान्य विक्रेत्याच्या वाट्याला क्वचितच आली असेल. नोंदणीला मात्र स्वतःच्या बँकेची मान्यता लागते. तेव्हा साठ डॉलरांना ७८ ने गुणून समाधान मानणाऱ्या वाचकाने येत्या सोमवारी शाखेत जाऊन या मंचाचे नाव घ्यावे, खिडकीपलीकडचा चेहरा कोरा दिसला तर नाव कागदावर लिहून द्यावे, आणि बँक आपणहून सुचवील म्हणून थांबू नये.